हजारांतला तो एक मीच कसा?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३६. आठ वर्षं नेमाने रक्तदान करतोय. अकरा वेळा दिलं, कधी तक्रार आली नाही. तीन आठवड्यांपूर्वी बाराव्यांदा दिलं. त्याआधीचं रक्तदान सात महिन्यांपूर्वीचं. या वेळी चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. गेलो तर हातात चिठ्ठी ठेवली, हिपॅटायटिस सी. 'तुम्ही पॉझिटिव्ह आहात, यापुढे रक्त देऊ नका, लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा,' एवढं सांगितलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मी दारू पीत नाही, नशेच्या सुया नाहीत, बाहेरचे संबंध नाहीत. दोन वर्षांपूर्वी दाताचं रूट कॅनाल झालं, तिथूनच आलं असणार. नेटवर वाचलं की रक्तदात्यांमध्ये हे प्रमाण हजारात दोन-तीन असतं. मग हजारांतला तो एक मीच कसा? बायकोला सांगितलेलं नाही. पाठदुखीचं निमित्त करून वेगळा झोपतो, ताट-पेला वेगळा ठेवतो. मुलगी पाच वर्षांची आहे, तिची पापी घेणं बंद केलंय. आणि सगळ्यांत जास्त छळतं ते हे, की आधीच्या अकरा पिशव्या ज्यांना चढल्या त्यांचं काय झालं असेल? मी किती जणांना आजार दिला? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात 'पॉझिटिव्ह' हा शब्द मी मोजला, चौदा वेळा आला. सोबत जोडलेल्या चिठ्ठीवर मात्र तो एकदाही नाही. तिथे छापलंय 'अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह'. तुमची तीन आठवड्यांची झोप या दोन शब्दांच्या घोळात गेली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा, लिव्हरला सूज आणणारा विषाणू.

माझी बावीस वर्षं रक्तपेढीत गेली. ही चाचणी कशी होते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. तळहाताएवढी एक पारदर्शक प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ बारीक खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यात एकेका दात्याचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, टाकायचा. रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, असतील तर त्या तळाला धरून बसतात, बाकीचं धुऊन जातं. शेवटचं रसायन घातलं की जिथे काही चिकटलंय तो खळगा पिवळा होतो आणि उरलेले पाण्यासारखे नितळ राहतात. यंत्र त्या पिवळेपणाचं माप घेतं. एका ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की 'रिअ‍ॅक्टिव्ह', खाली राहिलं की 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. आता काही ठिकाणी प्लेटऐवजी पूर्ण स्वयंचलित यंत्रं आली आहेत आणि रंगाऐवजी प्रकाश मोजतात, पण रेषेचा हिशोब तोच.

ही रेषा मुद्दाम खालच्या बाजूला आखलेली असते. रक्तपेढीला एकाच गोष्टीची धास्ती, खराब पिशवी नजरेतून सुटून रुग्णाला चढायला नको. त्यापायी काही चांगल्या पिशव्या फेकाव्या लागल्या तरी चालतील. त्यामुळे भलतीच एखादी अँटीबॉडी, कधी दुसऱ्या संसर्गाची, कधी शरीर स्वतःवरच उलटतं अशा एखाद्या आजाराची, तळाला अर्धवट चिकटली तरी खळगा फिकट पिवळा होतो आणि पिशवी बाद होते. रुग्णाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ज्याची पिशवी बाद झाली त्या माणसाला तीच चिठ्ठी निदान म्हणून हातात देणं योग्य नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं.

आता 'हजारात दोन-तीन' या आकड्याकडे येते. तुम्ही तो वाचून घाबरलात, मला तर त्यात तुमच्यासाठी दिलासा दिसतो.

समजा, १०,००० रक्तदाते आहेत आणि त्यांतल्या ३० जणांना खरोखर संसर्ग आहे, म्हणजे हजारात तीन. चाचणी चांगली आहे, निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्क्यांना ती निरोगीच म्हणते. तरीही उरलेल्या ९,९७० निरोगी माणसांत अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ५० जण उगाच रिअ‍ॅक्टिव्ह ठरतील. खरे ३०, खोटे ५०. चिठ्ठी मिळालेल्या ऐंशी जणांपैकी पन्नास जणांना आजारच नाही! आता तीच चाचणी, तोच किट घेऊन अशा गटाकडे जा जिथे एकमेकांच्या सुया वापरून नशा केली जाते आणि समजा पाचांतल्या एकाला संसर्ग आहे. तिथे १०,००० मध्ये खरे २,०००, खोटे फक्त ४०. तिथल्या रिअ‍ॅक्टिव्ह चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. चाचणी तीच, पण माणूस कुठल्या रांगेतून आला यावर चिठ्ठीचं वजन ठरतं.

तुम्ही तर रक्तदात्यांच्या रांगेतसुद्धा वेगळ्या रांगेत उभे आहात. पहिल्यांदा रक्त देणाऱ्यांमध्ये हा संसर्ग जितका सापडतो त्यापेक्षा नेमाने देणाऱ्यांमध्ये खूपच कमी सापडतो, कारण त्यांची गाळणी दर वेळी झालेली असते. तुमची अकरा वेळा झाली. ज्या सर्वेक्षणांत नवे आणि जुने दाते एकत्र मोजतात त्यांचा आकडा एक येतो, फक्त नव्यांचा दुसराच. स्वेच्छेने देणारे, नातेवाइकासाठी बदली रक्त देणारे आणि पैसे घेऊन देणारे यांचे आकडेही वेगवेगळे. शिवाय काही अहवाल नुसते रिअ‍ॅक्टिव्ह मोजतात, काही पुढच्या चाचणीने पक्के झालेलेच धरतात. देशागणिकही फरक पडतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात श्रीमंत देशांतल्या रक्तदानांत हे प्रमाण लाखाला ७ आणि सर्वांत कमी उत्पन्नाच्या देशांत शंभराला सुमारे १ दिसतं. एवढी मोठी दरी असलेला आकडा कुठल्या लोकांचा, कुठल्या चाचणीचा, हे पाहिल्याशिवाय स्वतःला लावून घेऊ नये.

तुम्हाला संसर्ग नाहीच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि खोटा धीर देणं मला जमत नाही. शंका फिटेल ती एकाच चाचणीने, एचसीव्ही आरएनए. अँटीबॉडी म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण, आरएनए म्हणजे विषाणू आज रक्तात आहे की नाही ते. ज्यांना खरा संसर्ग होतो त्यांच्यातही दहापैकी साधारण तिघांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय विषाणू घालवून टाकतं. त्यांची अँटीबॉडी चाचणी पुढे कित्येक वर्षं रिअ‍ॅक्टिव्ह येत राहते, आरएनए मात्र निगेटिव्ह. त्याच अँटीबॉडी किटवर पुन्हा तपासून फारसं काही हाती लागत नाही, कारण पहिल्यांदा ज्या कारणाने खळगा पिवळा झाला त्याच कारणाने तो पुन्हा होऊ शकतो.

रूट कॅनालचं म्हणाल तर त्या दातांच्या डॉक्टरांवरचा राग सोडून द्या. हा विषाणू शिरल्यावर अँटीबॉडी दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. संसर्ग दोन वर्षांपूर्वी झाला असता तर सात महिन्यांपूर्वीच्या तुमच्या पिशवीतच तो दिसला असता. ती नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह होती. तेव्हा संसर्ग खरा असलाच तर तो गेल्या नऊ-दहा महिन्यांतला. या काळात शस्त्रक्रिया, इंजेक्शन, टॅटू, दुसऱ्याचं वस्तरा-ब्लेड, कुणाची वापरलेली सुई चुकून टोचणं असं काही घडलंय का, ते आठवून कागदावर टिपून ठेवा, डॉक्टर विचारतील. रक्तदान करतानाच लागलं असेल ही शंका तुम्ही विचारली नाहीत, पण पुष्कळांना ती येते. दात्याला टोचलेली सुई नवी, निर्जंतुक असते आणि एकदा वापरून नष्ट केली जाते. तिथून लागत नाही.

आता त्या अकरा पिशव्या. तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले. स्वतःचा रिपोर्ट हातात असताना अनोळखी रुग्णांची काळजी करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

हिशोब मगाचाच आहे. अकराव्या पिशवीत अँटीबॉडी नव्हत्या, याचा अर्थ तिच्या आधीचे दोन-तीन महिने सोडले तर तोपर्यंत तुम्हाला संसर्ग नव्हता. म्हणजे पहिल्या दहा पिशव्या मोकळ्या झाल्या. दहाही. बारावी कुणालाच चढलेली नाही, ती तपासणीतच बाजूला निघाली. उरली फक्त अकरावी, आणि तीही तुमचा आरएनए पॉझिटिव्ह आला तरच. तुम्हाला संसर्ग त्या रक्तदानाच्या ऐन आधी झाला असेल आणि अँटीबॉडी अजून तयार झाल्या नसतील, एवढीच ती फट. डॉक्टर तिला 'विंडो पीरियड' म्हणतात. त्या वेळी रक्तपेढी 'नॅट' नावाची चाचणी करत असेल तर ही फटसुद्धा आठवडा-दोन आठवड्यांवर येते, कारण नॅट अँटीबॉडीची वाट पाहत नाही, थेट विषाणूचंच जनुकीय द्रव्य शोधते. आणि आरएनए पॉझिटिव्ह आला तर रक्तपेढीने पिशवीच्या क्रमांकावरून नोंद काढून, ते रक्त कुणाला गेलं ते शोधून त्यांच्या डॉक्टरांना कळवायचं असतं. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक निघतात, त्यामुळे रुग्ण एकापेक्षा जास्त असू शकतात. त्यांचीही तपासणी होईल, गरज पडली तर उपचार होतील. तुम्ही फक्त तुमचा रिपोर्ट रक्तपेढीला नेऊन द्यायचा. तेवढं जरूर करा.

ज्या काळात यातलं काहीच नव्हतं तो काळ फार जुना नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या, रक्त चढवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना नंतर हिपॅटायटिस होत असे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचं रक्त बंद केलं, हिपॅटायटिस बीची चाचणी आली आणि ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. उरलेल्या दहा टक्क्यांना ना ए होता ना बी. त्याच संस्थेतले हार्वे अल्टर आणि त्यांचे सहकारी या 'नॉन-ए, नॉन-बी' आजाराच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते. १९८९ मध्ये मायकल हॉटन यांच्या गटाने त्या विषाणूचा जनुकीय तुकडा शोधून काढला आणि त्याला हिपॅटायटिस सी हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी तिथल्या रक्तपेढ्यांत चाचणी सुरू झाली. अल्टर, हॉटन आणि हा एकटाच विषाणू आजार घडवतो हे सिद्ध करणारे चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं ते यासाठीच. तुमच्या चिठ्ठीवरच्या त्या शब्दांमागे एवढं आहे, आणि तुमची बारावी पिशवी वेळेवर अडली ती त्याच्यामुळे.

घरातलं सांगते. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. ताट, पेला, टॉवेल, संडास, शिंक, खोकला, मिठी, पापी यांतून जात नाही. मुलीला जवळ घ्या. तीन आठवडे बाबा लांब का राहतात याचं काहीतरी उत्तर तिने मनाशी तयार केलंही असेल, पाच वर्षांची मुलं तसं करतात. रिपोर्ट येईपर्यंत पाळायचं ते थोडंच आहे. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर तुमचं तुम्हीच वापरा, कापलं-खरचटलं तर पट्टी लावा आणि सांडलेलं रक्त स्वतः पुसून घ्या. झोपायची खोली बदलायची गरज नाही. वर्षानुवर्षं एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांत, एकाला संसर्ग असताना दुसऱ्याला संबंधातून तो लागण्याचं प्रमाण वर्षाला हजारात एकापेक्षाही कमी आढळलं आहे.

बायकोला आजच सांगा. आरएनएचा रिपोर्ट आल्यावर सांगू, असं म्हणाल, पण रिपोर्ट काहीही आला तरी तिला कळेल की इतके दिवस तुम्ही लपवलंत. चिठ्ठी तिच्या हातात द्या आणि म्हणा, 'रक्तपेढीच्या चाळणीत माझं रक्त अडलंय. खरंच काही आहे की नाही ते पुढच्या चाचणीत कळेल, तू बरोबर चल.' बाहेरचे संबंध नाहीत हे तुम्ही मला न विचारता सांगितलंत, यावरून कशाची भीती वाटते ते कळलं. हा आजार चारित्र्याचा दाखला नव्हे. इजिप्तमध्ये एके काळी जगातलं सर्वांत जास्त प्रमाण होतं आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे परजीवी कृमींच्या एका आजारावर सरकारी मोहिमेत टोचलेली इंजेक्शनं, नीट न उकळलेल्या सुयांनी. लोक बरं व्हायला गेले आणि हा विषाणू घेऊन आले. त्याच देशाने २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी करून, औषधं देऊन तो इतका मागे रेटला की २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची खास दखल घेतली.

आरएनए पॉझिटिव्ह आला तर? वीस वर्षांपूर्वी हे पत्र आलं असतं तर मला खूप सांभाळून लिहावं लागलं असतं. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्ष-वर्ष घ्यावी लागत, माणूस गळून जाई आणि निम्म्यांना गुण येत नसे. आता सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीच्या गोळ्या आहेत. बहुतेकांना आठ ते बारा आठवडे, रोज तोंडाने घ्यायच्या. शंभरातले ९५ हून अधिक लोक पूर्ण बरे होतात. नुसता आजार आटोक्यात राहत नाही, विषाणू निघून जातो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए पाहतात आणि तो निगेटिव्ह आला की बरे झालात. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून बसलेला बी या औषधांच्या काळात उसळू शकतो. लिव्हर किती कडक झालंय तेही पाहतील. संसर्ग नऊ-दहा महिन्यांतला असेल तर त्याची फार चिंता नको. उपचार न घेतलेल्यांत लिव्हर सिरोसिसपर्यंत, म्हणजे कायमचं घट्ट, निबर होण्यापर्यंत जायला बहुधा वीस वर्षं लागतात आणि तेही सगळ्यांचं जात नाही. मग बायकोचीही एकदा तपासणी करून घ्या. तोवर कुणी सांगितलेली लिव्हर टॉनिकं, काढे, चूर्णं घेऊ नका. असल्या औषधांनीच लिव्हर दुखावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

जगात सुमारे ५ कोटी लोक हा विषाणू घेऊन जगतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतच नाही, कारण हा आजार वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. कितीतरी जणांना तो कळतो तो रक्तदानामुळेच. म्हणून चिठ्ठी देताना पाच मिनिटं बसून बोलणं किती मोलाचं असतं ते मला माहीत आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नवीन असताना एका मुलीला मी काउंटरवर उभ्याउभ्याच सांगितलं होतं, मागे तीन माणसं रांगेत होती. तिने मान हलवली, चिठ्ठीची बारीक घडी करून मुठीत धरली आणि गेली. पुढच्या तपासणीसाठी ती आलीच नाही. तिला खरंच संसर्ग होता की ती त्या पन्नासांतली होती, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर मी एकही चिठ्ठी उभ्याने दिली नाही.

आरएनए निगेटिव्ह आला तर तुम्हाला आज आजार नाही. गेल्या सहा महिन्यांत मघाशी सांगितलेल्यांपैकी काही घडलं असेल तर मात्र काही महिन्यांनी तो एकदा पुन्हा करा. रक्तदानाबद्दल मन थोडं घट्ट करा. एकदा रिअ‍ॅक्टिव्ह ठरलेल्या दात्याचं रक्त बऱ्याच ठिकाणी कायमचं घेत नाहीत, पुढे ते खोटं ठरलं तरी. काही ठिकाणी ठरावीक काळाने, ठरावीक चाचण्यांनंतर परत घेतात. तुमच्या रक्तपेढीचा नियम काय ते तिथेच विचारा, आणि दुसऱ्या रक्तपेढीत न सांगता जाऊन बसू नका.

उद्या आधी रक्तपेढीत जा, मग लिव्हरच्या डॉक्टरांकडे. रक्तपेढीत तीन गोष्टी विचारा. चाचणी किती वेळा केली? यंत्राने दिलेला आकडा रेषेच्या किती पट होता? जेमतेम वर असेल तर खोटी असण्याची शक्यता वाढते, कित्येक पट वर असेल तर खरी असण्याची. आणि नॅट केली होती का, केली असल्यास तिचं काय आलं? नॅटही रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर वरचा माझा दिलासा बाजूला ठेवून थेट उपचाराच्या तयारीला लागा. ही उत्तरं लेखी मागा, डॉक्टरांना ती लागतील. पिशवीचा क्रमांक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात बारकोडखाली आहे, तो सांगितलात की नोंद काढायला त्यांना वेळ लागणार नाही.